साध्या पाण्यातली पट्टी

श्रेयाच्या फ्रॉकच्या खिशात फुटाण्याचं साल सापडलं ते सोमवारी, कपडे भिजवताना. नखाएवढं, तपकिरी, वाळकं. दुसऱ्या एखाद्या घरात ते साबणाच्या पाण्याबरोबर मोरीत वाहून गेलं असतं. आरतीनं ते ओल्या बोटानं उचललं, खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिलं आणि एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून ठेवलं. पुढेमागे कुणाला दाखवायची वेळ आली तर असावं.

कारण या घरात फुटाणा म्हणजे विष होतं. चार वर्षांच्या श्रेयाला फुटाणे, डाळ, दूध, अंडं, शेंगदाणे यातलं काहीही चालत नव्हतं. प्रत्येक प्रथिनात फिनाइल-अ‍ॅलानिन नावाचा एक घटक असतो. तो मोडून पचवायची ताकदच ती जन्माला येताना घेऊन आली नव्हती. न पचलेला घटक रक्तात साठतो आणि वाढत्या मेंदूवर जातो. आवरून धरला तर पोर चारचौघांसारखी शाळेत जाते. नाही आवरला तर गेलेली बुद्धी कुठल्याही औषधानं परत येत नाही. म्हणून स्वयंपाकघरात ओट्यावर एक छोटा वजनकाटा होता. पुण्याहून येणारी खास पावडर, साबुदाणा, फळं, भाज्या आणि डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलेला मोजका भात-बटाटा, एवढ्यावर श्रेया वाढत होती. तो थोडा भात-बटाटाही लागतोच, असं बाई दरवेळी बजावायच्या. सुनील म्हणायचा, सोनाराच्या दुकानात एवढं बारीक तोलत नसतील.

आणि हा आजार शोधून काढला होता तो आरतीनंच. श्रेया दीड महिन्याची असताना तिच्या लंगोटाला एक कुबट वास यायचा, उंदरांनी घर केलेल्या बंद खोलीसारखा. सगळे म्हणाले, तान्ह्या लेकराचं असंच असतं. सुनीलनं तर तिच्या नाकाला पोलिसांच्या कुत्र्याची उपमा दिली. एका डॉक्टरांनी साबण बदलायला सांगितला, दुसऱ्यांनी तिलाच झोप घ्यायला सांगितली. ती लंगोट पिशवीत घालून पुण्याला गेली. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी सहा महिने गेले असते तर फार उशीर झाला असता. त्या दिवसापासून आरतीचा माणसांपेक्षा स्वतःच्या शंकेवर जास्त भरवसा बसला. शंकेनं तिची मुलगी वाचवली होती.

आता घरात माणसं इनमीन चार. सुनील सकाळी मोटारसायकल काढून आळेफाट्याच्या गॅरेजवर जायचा तो दिवे लागायच्या सुमारास परत. आरती अकरा ते चार घोडेगावातच, पंचायत समितीसमोरच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. तेवढा वेळ श्रेया असायची सासऱ्यांकडे, रखमाजींकडे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, डिंभ्याच्या आणि वरच्या डोंगरातल्या गाड्यांवर. निवृत्त झाले तरी रोज साडेअकराला स्टँडवर गेल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. नातीला बोटाला धरून न्यायचे, बाकावर बसायचे, गाड्या बघायचे. आणि त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात कायम फुटाणे असायचे.

हे आरतीला आधीपासून माहीत होतं. खटकत होतंच. श्रेयाचा आजार कळला तेव्हा तात्या एवढंच बोलले होते, की डाळ नाय, दूध नाय, मंग पोरगी वाढायची कशी. नंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण जो माणूस एकदा असं म्हणतो त्याच्या मनातून ते जातं का, हा प्रश्न आरतीच्या मनात ठाण मांडून बसला होता.

त्यात पावसाळ्यानंतर त्या पट्ट्या आल्या.

आरफा जुन्नरची. वडिलांचं तिथं चपलांचं दुकान. ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीनं तिनं दहा-बारा घरं निवडली होती, त्यातलं एक आरतीचं. रक्ताची तपासणी महिन्यातून एकदाच व्हायची. बोटातून काढलेले थेंब कागदी कार्डावर वाळवून पुण्याला पाठवायचे, रिपोर्ट यायला दहा-पंधरा दिवस. आरफाच्या पट्टीला रक्त लागत नव्हतं. सकाळच्या लघवीत बुडवायची, तीन मिनिटं थांबायचं, मग अंधाऱ्या कोपऱ्यात जांभळ्या उजेडाच्या बॅटरीखाली धरायची.

पट्टी कशी चालते ते आरतीनं खोदून खोदून विचारलं. ती मंचरच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, केमिस्ट्री घेऊन. आरफालाही सांगायचा उत्साह होता. म्हणाली, आम्ही प्रयोगशाळेत एक रेणू बनवलाय, कोरलेल्या लाल भोपळ्यासारखा, आतून पोकळ. त्या पोकळीत दारुहळदीतून काढलेला एक पिवळा रंग बसवून ठेवलाय. आत बसलेला असतो तोवर तो जांभळ्या उजेडात हिरवट चमकतो. फिनाइल-अ‍ॅलानिन आलं की पोकळीला ते जास्त पसंत पडतं. रंगाला उठावं लागतं, आणि बाहेर पडला की तो विझतो. पट्टी जितकी काळी, तितकं लघवीत ते जास्त.

“एसटीतल्या राखीव सीटसारखं समजा, ताई,” ती हसून म्हणाली. “खरा मालक आला की बसलेल्यानं उठायचं.”

“आणि मालक सोडून तिसरंच कुणी येऊन बसलं तर?”

आरफानं तिच्याकडे जरा कौतुकानं पाहिलं. लघवीत जे जे असतं त्या सगळ्यावर पट्टी तपासून झालीय, असं तिनं सांगितलं. मग एक ते पाच आकड्यांचा तक्ता, पट्ट्यांची डबी, बॅटरी आणि वही दिली. जाताना दोनदा बजावलं, की हा प्रयोग आहे, फक्त लिहून ठेवायचं. पट्टी बघून जेवणात काडीचाही बदल करायचा नाही. ते रक्ताचा रिपोर्ट पाहून बाईच ठरवतील.

पहिले पंधरा दिवस पट्टी दोनवर होती. कधी तीन. आरतीला सकाळी उठल्याबरोबर लेकीच्या आत डोकावून बघता येतं याचं एक वेगळंच सुख झालं. मग दिवाळीनंतर श्रेयाला ताप आला आणि पट्टी चारवर गेली. आरफा फोनवर म्हणाली, तापात होतं असं, शरीर आपलंच प्रथिन मोडतं, उतरेल. उतरलंही, तीनवर आलं. पण दोनवर येईना. आणि त्या सोमवारी खिशात साल सापडलं.

आरतीनं आरडाओरडा केला नाही. तिनं श्रेयाला मांडीवर घेतलं, केस विंचरता विंचरता सहज विचारल्यासारखं विचारलं, तात्या स्टँडवर तुला काय देतात गं?

“तिकिटं,” श्रेया म्हणाली.

आरतीचा हात थांबला. चार वर्षांच्या पोरीला म्हाताऱ्यानं बोलायचा शब्दसुद्धा शिकवून ठेवला होता. खाऊ म्हणायचं नाही, तिकीट म्हणायचं.

त्याच दिवशी तिनं पट्ट्यांची डबी हलवली. ती आजवर स्वयंपाकघरातल्या फळीवर असायची, तात्यांच्या दाढीच्या सामानाशेजारी. दोन दिवसांपूर्वी तिचं झाकण सैल लागलेलं दिसलं होतं. तेव्हा ते तिनं स्वतःवर घेतलं, आता तिला तसं वाटेना. जो लपवून खायला घालतो तो पट्ट्यांनाही हात लावू शकतो. तिनं डबी आपल्या लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात, लग्नातल्या शालूच्या घडीवर ठेवली आणि किल्ली गळ्यातल्या मंगळसूत्रात अडकवली. हा घरातला सगळ्यात सुरक्षित कप्पा. तिथं पूर्वी डांबराच्या गोळ्या असायच्या. त्या मुलांना घातक असतात असं वाचल्यावर तिनं एकूण एक गोळ्या फेकून दिल्या होत्या आणि कसर लागू नये म्हणून त्याऐवजी कापडाच्या पुरचुंड्यांत कापराच्या वड्या बांधून ठेवल्या होत्या. एवढी काळजी घेणारी बाई होती ती.

बुधवारी पट्टी चारवर गेली. शुक्रवारी पाचवर. मग रोज पाच.

तिनं काय केलं असेल ते कुणीही आई सांगेल. कुणी चोरून घालतंय, ते थांबवता येत नाही, तर आपण जे देतो त्यात कमी करायचं. तिनं आधी भात निम्मा केला. आठवड्यानं बंद केला. आरफाचं बजावणं आठवत होतं, पण आरफाला मूल नव्हतं. तिनं वहीत खरे आकडे लिहिले. भाताचं लिहिलं नाही.

मग एका मंगळवारी तिनं दुकानात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि पावणेबाराला ती स्टँडसमोरच्या बंद रसवंतीच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. तात्या नेहमीच्या बाकावर होते. श्रेया त्यांच्या गुडघ्यांत उभी. तात्यांचा हात डाव्या खिशात गेला. बाहेर आला. श्रेयानं दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. तेवढ्यात डिंभ्याची गाडी मध्ये येऊन उभी राहिली, चांगली दोन-तीन मिनिटं. गाडी हलली तेव्हा श्रेया बाकाच्या टोकाला होती, मूठ मिटलेली, आणि तिचं तोंड हलत होतं.

एवढं आरतीला पुरलं. ती रस्ता ओलांडून गेली आणि तिनं श्रेयाची मूठ उघडली. आत चार फुटाणे होते.

ती दोघांना घेऊन घरी आली. दार लावून घेतल्यावर तिनं ते पाकीट काढलं, साल तात्यांसमोर ठेवलं, वहीतले पाच पाच आकडे दाखवले. आवाज न चढवता बोलली, आणि तेच जास्त लागलं असावं. तुम्हाला नात शहाणी नको आहे का, असं ती म्हणाली. हे तिला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

तात्यांनी वही जवळ घेऊन पाहिली. चष्मा नव्हता, तरी पाहिली.

“तिनं एकबी खाल्ला नाय, आरती.”

“मग तोंड कशानं हलत होतं?”

“ती गावांची नावं पुकारत व्हती.”

असं कुणाला पटेल? आरतीला हसूसुद्धा आलं नाही. तात्या आणखी काही बोलतील म्हणून ती थांबली. ते बोलले नाहीत. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायची त्यांची पद्धतच नव्हती. कंडक्टर असताना तिकीट एकदाच विचारायचे म्हणे, दुसऱ्यांदा नुसतं बघायचे. संध्याकाळी सुनील आला तेव्हा तात्यांची पिशवी भरून तयार होती. डिंभ्याला बहिणीकडे, ठमाबाईंकडे, चार दिवस राहून येतो म्हणाले. चार दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. सुनील दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा एकटाच परतला, आणि आल्यावर आरतीशी धड बोलला नाही.

तिनं मालकाकडून घरून काम मागून घेतलं. आता श्रेया चोवीस तास तिच्या नजरेसमोर होती.

पट्टी पाचवरच राहिली.

पहिले दोन दिवस तिनं स्वतःला समजावलं, साठलेलं उतरायला वेळ लागतो. चौथ्या दिवशी तिची नजर शेजारी वळली. शेजारच्या रुक्साना भाभी साडीला फॉल-पिको करायच्या. त्यांच्या दारात श्रेया चिंध्या वेचायला जायची, आणि भाभींच्या घरी अंडी तर रोजच असणार. आरतीनं जाणं बंद केलं. भाभींनी एकदा विचारलं, काही चुकलं का आमचं. आरती म्हणाली, छे, थंडी आहे ना. मग राहिला सुनील. बापाची बाजू घ्यायला, बायकोला खोटं पाडायला तो लेकीला बिस्किट देणार नाही कशावरून? रविवारी त्यानं श्रेयाला मोटारसायकलवरून फिरवून आणलं तेव्हा आरतीनं श्रेयाचं तोंड हुंगलं.

सुनीलनं ते पाहिलं.

“माझं पण हुंग,” तो म्हणाला. “मिसळ खाऊन आलोय.”

त्यानं ते गमतीनं म्हटलं नव्हतं. त्या रात्री तो जेवला नाही. तिनं बटाटाही बंद केला.

आणि श्रेया खरोखरच बिघडत चालली होती. हे कुणाच्या मनाचे खेळ नव्हते. सकाळी उठवलं तरी पडून राहायची. ओठांच्या कोपऱ्यांना लाल चिरा पडल्या, मांड्यांवर पुरळ आलं. पाण्यात कालवलेली पावडर अर्धी टाकायची. एके दुपारी आरतीनं रंगांची पेटी पुढे ठेवून विचारलं, हिरवा कुठला? श्रेया पेटीकडे बघत राहिली. तिला सांगायचा कंटाळा आला होता की आठवत नव्हतं? हेच ते. डॉक्टरीणबाईंनी चार वर्षांपूर्वी सांगितलेलं, गेलं की परत न येणारं. कुणीतरी तिच्या डोळ्यांसमोर तिच्या मुलीची बुद्धी घासाघासानं काढून नेत होतं आणि तिला तो हात दिसत नव्हता.

एक तारखेला तिनं रक्ताचं कार्ड पाठवलं होतं. बारा तारखेला सकाळी आरफाचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. तिनं आधी विचारलं, श्रेया उठून बसते का, पाणी पिते का. मग म्हणाली मी जुन्नरलाच आहे, निघते. दीड तासानं ती स्कूटर दारात लावून आत आली, श्रेयाच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, ओठांचे कोपरे पाहिले, आणि मगच बसली.

रिपोर्ट तिनं मोबाइलवर दाखवला. आरतीनं आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाली, हा आमचा नाही, नावात घोळ झाला असेल.

“तुमचाच आहे, ताई. जास्त नाहीये. कमी आहे. असायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. मॅडम म्हणाल्या, भात-बटाटा देताय ना विचार. हा घटक अजिबात मिळाला नाही तरी मूल वाढत नाही. अंगावर पुरळ येतं, सुस्तावतं.”

आरतीनं वही आणून समोर ठेवली. रोजचे पाच. तिच्या लेखी हा आकडा खोटा असूच शकत नव्हता, तो तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आरफानं पानं उलटली. एवढे पाच दुसऱ्या एकाही घरात आले नव्हते. तिनं पट्ट्या मागितल्या.

आरतीनं गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं, आतला कप्पा उघडला. आरफा तिच्या मागेच उभी होती. ती एकदम मागे सरली आणि तिनं ओढणी नाकाशी नेली.

“हा कसला वास?”

“कसला?”

“कापूर आहे का आत?”

आरतीनं खोल श्वास घेतला. तिला काही आलं नाही. ज्या नाकानं चार वर्षांपूर्वी लंगोटातला आजार ओळखला होता, त्याला या घरातल्या कापराचा वास केव्हाच येईनासा झाला होता.

आरफानं डबी उघडून नाकाशी धरली आणि डोळे मिटले. मग ओट्यावरच्या पेल्यात साधं पाणी घेतलं, नळाचं. एक पट्टी त्यात बुडवली. तीन मिनिटं दोघी त्या पेल्याकडे बघत उभ्या राहिल्या. तीन मिनिटं इतकी लांब असतात हे आरतीला ठाऊक नव्हतं. मग आरफानं फ्रिजमागच्या अंधारात पट्टी धरून बॅटरी लावली.

काळी. तक्त्यावर पाच.

तिनं पर्समधून नव्या डबीतली एक पट्टी काढली आणि त्याच पेल्यात बुडवली. ती काजव्यासारखी हिरवी चमकली.

आरफानं सांगितलं ते आरतीला ती सांगायच्या आधीच समजलं होतं. भोपळ्याच्या पोकळीला कापूर फार आवडतो. पुरचुंडीतून उडालेला कापूर प्लास्टिकच्या डबीतून आत शिरला आणि राखीव जागेवर आधीच बसून राहिला. रंग केव्हाच उठून गेला होता. त्या पट्ट्यांना श्रेयाची लघवी काय आणि विहिरीचं पाणी काय, सगळं सारखंच. आरफा स्वतःलाच दोष देत होती. लघवीतलं सगळं तपासलं, पण डबीशेजारी काय असेल ते आमच्या यादीत नव्हतं. सूचनांच्या कागदावर कोरड्या, थंड जागी ठेवा एवढंच लिहिलं. पण तुम्ही ती फळीवरून हलवलीत कशाला, असं तिनं विचारलं. त्यात खोच नव्हती, तिला फक्त नोंद करायची होती.

आरती खुर्चीवर बसली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला तिचं जर्नल सरांनी एकदा परत टाकलं होतं. आधी नुसत्या पाण्याचं रीडिंग घेतलं नाहीस, मग पुढच्या आकड्यांना अर्थ काय, म्हणून. तेव्हापासून परीक्षेपर्यंत ती एकदाही ते विसरली नव्हती. इथं महिनाभर रोज सकाळी पट्टी बुडवली आणि शेजारी नळ असून एकदाही पाणी घेतलं नाही. घ्यायची गरजच वाटली नाही. चोर कोण ते तिला आधीच माहीत होतं.

“मी भात बंद केलाय,” ती म्हणाली. “तीन आठवडे झाले. बटाटा पण. मीच.”

आरफानं उठून फोन लावला आणि डॉक्टरीणबाईंना आरतीशी बोलायला दिलं. बाई रागावल्या, पण थोड्याच. वेळेत कळलंय, हे भरून येतं, असं त्यांनी तीनदा सांगितलं, आणि आरतीनं तीनदा विचारलं म्हणून ते सांगितलं. आजपासून भात, वजन करून, थोडा थोडा वाढवत. दुपारी आरतीनं चाळीस ग्रॅम भात काट्यावर तोलला, त्यावर मीठ-लिंबू घातलं. श्रेयानं चार घास खाल्ले आणि ती ताटाकडे बघू लागली. अजून हवा होता.

आठ दिवसांनी ओठांच्या चिरा मिटल्या. दहाव्या दिवशी श्रेयानं न विचारता सांगितलं की रुक्साना भाभींच्या मशीनचा पट्टा हिरवा आहे. आरती स्वतः भाभींच्या दारात जाऊन बसली होती. काय बोलली ते भाभींनी कुणाला सांगितलं नाही, पण चहा दिला. सुनीलशी मात्र लगेच नीट झालं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मला सांगून काय उपयोग, ज्यांना सांगायचं ते डिंभ्यात आहेत.

शनिवारी ती श्रेयाला घेऊन दहाच्या गाडीला उभी राहिली. गाडी पावणेबाराला आली.

ठमाबाईंचं घर धरणाच्या अलीकडे, उतारावर. तात्या ओसरीवर बसून कुणाच्या तरी फाटक्या मासेमारीच्या जाळ्याला गाठी मारत होते. त्यांना ते काम येत नव्हतं, ते लांबूनही दिसत होतं. श्रेया हात सोडून पळाली. तात्यांनी तिला उचललं, तोंडाकडे निरखून पाहिलं आणि आरतीला पहिलाच प्रश्न केला.

“वाळली कशानं?”

तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, एकही गोष्ट गाळली नाही. कापूर, पट्टी, पाणी, भात. तुम्हाला बोलले ते, त्याला माफी नाही हेही म्हणाली. ठमाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. तात्यांनी जाळं खाली ठेवलं.

“मी एकदा एका बाईला उतरवली व्हती,” ते म्हणाले. “आडरानात. तिकीट न्हाई म्हणून. तिकीट तिच्या मुठीत व्हतं, घामानं अक्षर गेल्यालं. मला वाटलं जुनं दावती.”

“मग?”

“मंग काय. गाडी पुढं गेली. लेकरू व्हतं तिच्यापाशी.”

आरतीला समजलं की तिला यापेक्षा जास्त काही मिळणार नाही. बरी झाली, एवढं म्हणून त्यांनी नातीच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिनं विचारलं. महिन्यापूर्वीच विचारायला हवं होतं ते. तिकिटं म्हणजे काय?

उत्तर श्रेयानं दिलं. ती कंडक्टर. स्टँडवरच्या माणसांना गाव विचारायचं, नाव पुकारायचं, एक फुटाणा द्यायचा. ते तिकीट.

“आणि कंडक्टर तिकिटं खातो का?” तात्यांनी विचारलं.

“न्हाई,” श्रेया तात्यांसारखीच म्हणाली.

इतर पोरं येईल त्याला खाऊ वाटतात, हिच्या हातात कधी काही नसतं, म्हणून काढलेला तो खेळ होता. वीस मोजून द्यायचे. वीस माणसांना देऊन झाले की खेळ बंद. मधे एखादा खाली पडला तरी तात्या तो शोधून काढायचे. खिशात साल पडलं असेल, फुटाणा नाही. आरती ऐकत होती. म्हणजे स्टँडवर तिच्याइतकंच बारीक लक्ष ठेवणारं आणखी एक माणूस बसत होतं, आणि ती त्याच माणसावर पाळत ठेवून रसवंतीमागे उभी होती.

जेवणं झाली. श्रेयासाठी आरतीनं डबा आणला होता. तात्यांनी तिचा भात संपेपर्यंत समोरून हलायचं नाव घेतलं नाही. मग त्यांनी पिशवी भरली, न बोलवता.

परतीच्या गाडीत गर्दी बेताची होती. तात्यांनी खिशातून फुटाणे काढले, एकेक मोजून श्रेयाच्या ओंजळीत टाकले आणि ती मधल्या वाटेनं दांडे धरत निघाली. कुठं? घोडेगाव. हे घ्या. कुठं? शिनोली. हे घ्या. लोक हसत होते, हात पुढे करत होते. एक म्हातारा म्हणाला मला दोन दे, मी लठ्ठ आहे. तिनं एकच दिला. खऱ्या कंडक्टरलाही एक दिला. आरती खिडकीशी बसून होती. बाहेर धरणाचं पाणी मागे पडत होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिची नजर श्रेयाच्या हाताकडून तोंडाकडे, तोंडाकडून हाताकडे जात होती. ती नजर तिला आवरत नव्हती, आणि शेजारी बसलेल्या तात्यांना ते कळत होतं हेही तिला कळत होतं.

शेवटी श्रेया तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

“कुठं?”

“घरी,” आरती म्हणाली.

श्रेयानं मुठीतला शेवटचा फुटाणा तिच्या तळहातावर ठेवला आणि ती तात्यांच्या मांडीवर जाऊन बसली. तात्यांनी विचारलं नाही. आरतीनंच सांगितलं, की एकोणीस आपण मोजलेत, आणि विसावा हा.

“बराबर,” तात्या म्हणाले.